पाच रहस्यं, पाच सेट

नातलकाका गेल्याची बातमी मला मिळाली, पण कळली नाही. सकाळी विरारच्या मनवेलपाड्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी गॅसवर दूध ठेवून फोन बघत उभा होतो, तेवढ्यात घरच्या ग्रुपवर फिलूचा, म्हणजे काकाच्या मुलीचा, मेसेज आला. दोनच शब्द. "बाबा गेला." काका कित्येक आठवडे अंथरुणाला खिळलेला होता. त्यामुळे माझ्या मठ्ठ डोक्यात पहिलं आलं ते असं की म्हातारा उठला आणि केळीच्या वाडीत गेला. मी लगेच लिहिलं, "अरे वा! चालत?" दूध उतू गेलं. मग फिलूचाच फोन आला. ती रडत होती आणि रडता रडता हसतही होती. "बाबू, तुझा मेसेज आईला वाचून दाखवला रे. आई म्हणाली, चालतच गेला असेल. दुसऱ्यांनी उचललेलं त्याला कुठे आवडायचं."

वसईतल्या आम्हा ख्रिस्ती गावकऱ्यांच्या घरच्या बोलीत बाप, काका, आजा सगळे एकेरीच. आमच्यात आदर आवाजात असतो, क्रियापदात नसतो. म्हणून मीही काकाला 'तो'च म्हणणार आहे. पुरवणीच्या संपादकांनी कृपा करून त्याचे 'ते' करू नयेत, नाहीतर माझ्या घरचे विचारतील की हा कोण परका माणूस वारला. काका नाताळच्या दिवशी जन्मला म्हणून नातल. आमच्या गावी, सांडोरला, केळीची वाडी, मुंबईला सरकारी कचेरीत कारकुनी, आणि या दोन्हींशी काडीचा संबंध नसलेलं तिसरं एक वेड: टेनिस. तेही सगळं टेनिस नव्हे. जगातल्या चार मोठ्या स्पर्धांत पुरुषांमध्ये कोण जिंकला, कोणाला हरवून जिंकला आणि पुढे त्याला कोणी हरवलं, एवढंच.

या वेडाला कारण माझा बाप. तो बोटीवर नोकरीला होता. एकदा परदेशातल्या कुठल्याशा बंदरातून त्याने धाकट्या भावासाठी एक रॅकेट आणली. त्याची समजूत होती की ती बॅडमिंटनची आहे. काकाने ती हातात घेतली, वजन पाहिलं आणि म्हणाला, "हिने फूल मारलं तर फुलाचा चुरा होईल." मग ही नेमकी कशाची रॅकेट, याचा शोध घेता घेता तो जो टेनिसपर्यंत पोचला तो तिथेच राहिला. खेळला मात्र फारसा नाही. चर्चच्या मैदानात टेनिस खेळायला समोर दुसरी रॅकेट लागते, आणि ती आख्ख्या गावात नव्हती. पुढे तारा सैल पडल्यावर मार्थाकाकीने त्या रॅकेटने गोधड्या झटकायला सुरुवात केली. गोधडी झटकताना तिचा उलट्या हाताचा फटका पाहून काका म्हणायचा, "हिला मी वेळेवर विम्बल्डनला पाठवायला पाहिजे होती." काकी म्हणायची, "मग गोधड्या कोण, तू झटकणार?"

काकाची खरी करामत नावांत होती. आमच्या गावात आडनावं मोजकी आणि नावं त्याहून मोजकी. एका आळीत चार अंतोन, तिघांचं आडनाव एकच. त्यामुळे जो तो घराच्या नावाने किंवा खोडीने ओळखला जातो: विहिरीवरचा अंतोन, तोतरा अंतोन, कोंबड्यांचा अंतोन. काकाने हीच रीत जगभरातल्या विजेत्यांना लावली. त्यांच्यातही एकाच नावाचे दोघे-तिघे निघतात, मग नावाने ओळख कशी पटणार? एकाच वर्षात चारही स्पर्धा जिंकायचा पराक्रम दोनदा करणारा तो तांबड्या केसांचा डावखुरा ऑस्ट्रेलियन, तो 'चार घरचा'. कपाळाला पट्टी बांधून सलग पाच वर्षं विम्बल्डन जिंकलेला आणि कधी चकार शब्द न बोलणारा स्वीडिश, तो 'पट्टीवाला मुका'. पंचांच्या अंगावर धावून जाणारा कुरळ्या केसांचा अमेरिकन, तो 'भांडकुदळ'. चेंडूसाठी स्वतःला जमिनीवर झोकून देणारा सतरा वर्षांचा जर्मन पोरगा 'उडीबाबा'. या उडीबाबाला त्या वर्षी मानांकन नव्हतं, इंग्रजीत ज्याला सीड म्हणतात ते. काका म्हणाला, "बी नसलेलाच गोड लागतो. माझ्या केळीला विचार."

या नावांचा फटका मला बसला. शाळेत असताना तालुक्याच्या प्रश्नमंजूषेत माझा नंबर लागला होता. प्रश्न आला, सर्वात लहान वयात विम्बल्डन जिंकणारा पुरुष खेळाडू कोण? माझ्याइतक्या वेगाने घंटा अख्ख्या वसईत कोणी दाबली नसेल. मी ताठ उभा राहून, छाती काढून सांगितलं, "उडीबाबा!" सभागृह हसलं. परीक्षकांनी विचारलं, "खरं नाव?" खरं नाव मला काही केल्या आठवेना, कारण ते आमच्या घरात कोणी कधी उच्चारलंच नव्हतं. घरी येऊन मी काकावर चिडलो. तो शांतपणे म्हणाला, "उत्तर बरोबर होतं. त्यांना माणूस ओळखता आला नाय."

नावांच्या पुढची पायरी म्हणजे नातीगोती. गावात कोण कोणाचं हे सांगितल्याशिवाय माणसाची ओळख पुरी होत नाही, तसंच टेनिसमध्येही, असं काकाचं म्हणणं. त्याच्या हिशेबात कप म्हणजे नवरी. ज्याच्या घरून ती नेली त्याचा तो जावई. पट्टीवाल्याने नवरी पाच वर्षं सांभाळली, भांडकुदळ येऊन घेऊन गेला, म्हणून भांडकुदळ हा पट्टीवाल्याचा जावई. "आणि जावई तसलाच असतो," एवढी पुस्ती. पुढे कुठेतरी वाचून मी त्याला सांगितलं की विम्बल्डनचा अस्सल कप क्लबच्या बाहेर जातच नाही, जिंकणाऱ्याला त्याची छोटी प्रतिकृती देतात. काका केळीचा घड साफ करत होता. त्याचा कोयता थांबला. घड खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे सगळेच घरजावई."

त्याचा सर्वात लाडका मात्र विम्बल्डनचा जावई न झालेला होता. पॅरिस, न्यूयॉर्क, मेलबर्न सगळीकडे जिंकलेला आणि विम्बल्डनच्या गवतावरच्या फायनलला दोनदा जाऊन दोन्हीदा हात हलवत परत आलेला तो सुकलेल्या चेहऱ्याचा खेळाडू. त्याचं नाव 'गवत न मानवलेला'. काका त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायचा, जसं गावात एखाद्याच्या मोडलेल्या लग्नाबद्दल बोलतात. "सगळं मिळालं बिचाऱ्याला. जे पाहिजे होतं तेवढं सोडून."

काकाला स्वतःला काय पाहिजे होतं, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तो ते दर वर्षी बोलून दाखवायचा. त्याला एक फायनल, एकच, पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत मध्ये न उठता बघायची होती. एवढ्या साध्या इच्छेच्या आड काय येणार? आड यायची आमच्या घरची रोजारी. रोज रात्री आठला, जेवणाआधी, सगळ्यांनी आल्ताराच्या, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्याच्या, समोर गुडघे टेकून जपमाळ म्हणायची: पाच रहस्यं, म्हणजे येशू-मातेच्या आयुष्यातले पाच प्रसंग, एकेक जाहीर करून त्यावर दहा-दहा मणी, मग लितानी, म्हणजे मातेच्या नावांची लांबलचक विनवणी, मग घराण्यातल्या मेलेल्यांसाठी प्रार्थना, आणि आमच्या घराण्यात मेलेले पुष्कळ. पॅरिसची फायनल आणि विम्बल्डनची फायनल, दोन्ही आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू व्हायच्या. म्हणजे सामना ऐन रंगात आला की भिंतीवरच्या घड्याळात आठ. आल्तार भिंतीवरच्या फळीवर, आणि टीव्ही बरोबर त्याच्या खाली. काकी पदर सावरत उठायची, बटण दाबायची आणि एकच शब्द बोलायची. "आठ."

"मार्था, सेट तरी संपू दे."

"तुझे पाच सेट तिनात आटपतात. माझी पाच रहस्यं तिनात आटपत नाय."

हे टेनिसच्या नियमाला धरूनच होतं: पाचातले तीन सेट जिंकले की सामना संपतो. तो निमूट गुडघे टेकायचा. घरातला कर्ता म्हणून रोजारी त्यालाच चालवावी लागे, आणि समोर मातेची मूर्ती असली तरी डोळ्यांच्या रेषेत यायचा तो बंद पडलेला काळा पडदा. त्या पडद्यात आम्ही सगळे गुडघ्यांवर बसलेले दिसायचो, मधोमध काका. सरळ तीन सेटमध्ये जिंकणाऱ्यांवर त्याचा राग असायचा तो यामुळे. जीभ बाहेर काढून खेळणारा तो अमेरिकन विम्बल्डन सात वेळा जिंकला, पण पुष्कळदा इतक्या झटपट की इकडे लितानी संपेपर्यंत तिकडे कप उचलून झालेला असायचा. "या जीभवाल्याला घरी कोणी वाट बघणारं आहे की काय," काका करवादायचा.

उडीबाबाच्या त्या पहिल्या वर्षी जे घडलं ते आमच्या घरात अजून सांगतात. मी सांगतो त्यात थोडी भर असते असं फिलू म्हणते, पण ती तेव्हा फार लहान होती. काकीने टीव्ही बंद केला तेव्हा सामना हातघाईवर आलेला. काकाने रोजारी सुरू केली, पण आवाजात नेहमीपेक्षा जरा घाई होती. पहिलं रहस्य झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. आणि मग काकाने त्याच गंभीर, लांबवलेल्या प्रार्थनेच्या सुरात जाहीर केलं, "चौथा सेट."

आम्ही मुलांनी तोंडं दाबून धरली. माझ्या आजीला कमी ऐकू यायचं. तिने मोठ्या भक्तिभावाने म्हटलं, "आमेन." मग मात्र माझा बांध फुटला. मागून काकीचा हात माझ्या पाठीत बसला, तोच उलट्या हाताचा. "हसू नका," ती आम्हाला म्हणाली, आणि काकाकडे वळून, "आणि तू. पहिल्यापासून." पहिल्यापासून म्हणजे अगदी पहिल्यापासून. सगळी रोजारी पुन्हा. शेवटी टीव्ही लागला तेव्हा तिकडेही खरोखरच चौथा सेट चालू होता आणि संपत आला होता. काकाने तेवढ्यावर समाधान मानलं. पण त्या दिवसापासून गावात त्याला नवीन नाव पडलं. चर्चच्या दारात, मासळीच्या टोपलीपाशी, वाडीच्या बांधावर, कोणीही हाक मारायचं, "काय चौथा सेट, कुठे निघाला?" लोकांना नावं ठेवणाऱ्याला एक नाव मिळालं, हा न्यायच झाला.

आम्ही पुतणे मोठे झालो, शहाणे झालो, निदान तसं समजू लागलो, तेव्हा काकाला उपाय सुचवायला लागलो. मी म्हटलं, मेलबर्नची फायनल आपल्याकडे दुपारी असते, ती बघ, तेव्हा कसली आलीय रोजारी? काकाने खरंच प्रयत्न केला. पण ती रविवारची दुपार. मटण, भात, वर जरासा आराम. तिसऱ्या सेटपर्यंत काकाचं डोकं खुर्चीच्या पाठीवर, तोंड उघडं. न्यूयॉर्कची आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर, तिचा प्रश्नच नव्हता. फिलूने मोबाईलवर सामना लावून द्यायची तयारी दाखवली, आवाज बंद करून, जपमाळेच्या आड. त्यावर काका तिच्याकडे असा बघत राहिला की तिने मोबाईल पर्समध्ये टाकला. पुढे ते तिघे आले: कोटातला 'सायब', लाल मातीत पॅरिसला चौदा वेळा जिंकलेला 'मातीवाला', आणि कुठूनही कसाही वाकणारा 'रबर'. जवळजवळ वीस वर्षं तेच तिघे आलटून पालटून. "जावईच बदलेनात," काका म्हणायचा. त्यांचे सामने लांबायचे, त्यामुळे शेवट तरी बघायला मिळायचा. पण मधला तुकडा कायम रोजारीत गेलेला. फाटलेल्या पानांची पोथी वाचल्यासारखं त्याने टेनिस पाहिलं. आणि गावाने, आम्ही, सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं की काका बिचारा आणि काकी कडक. तिच्या तोंडावर थट्टाही व्हायची. ती हसून सोडून द्यायची, किंवा नुसतीच सोडून द्यायची.

काकाला मी शेवटचा भेटलो तो यंदाच्या पॅरिसच्या फायनलला. त्याची खाट पुढच्या खोलीत आणली होती, टीव्हीच्या समोर. त्याची नेहमीची वेताची खुर्ची बाजूला सरकवून ठेवलेली. अंगात त्राण नव्हतं, पण नावं ठेवायची शक्ती शाबूत होती. कोर्टावर एक स्पॅनिश पोरगा आणि एक इटालियन पोरगा, काकाच्या भाषेत 'हसरा' आणि 'केशरी'. सामना भलताच रंगला होता. घड्याळात आठ व्हायला आले तशी मी काकीकडे बघू लागलो. ती उठली, बटणाजवळ गेली आणि थांबली. मग म्हणाली, "आज राहू दे चालू. मी इथेच बसून हळूच म्हणते."

मला वाटलं, काका आता डोळे मिटून देवाचे आभार मानेल. इतक्या वर्षांनी दार उघडलं होतं. काकाने मान जराशी वळवली. "मार्था, आठ वाजले. बंद कर."

"अरे, बघ ना आज."

"बंद कर म्हणतो ना."

काकीने टीव्ही बंद केला. रोजारी त्यानेच चालवली, म्हणजे ओठ त्याचे हलत होते आणि आवाज आम्ही लावत होतो. चौथ्या रहस्यात त्याला झोप लागली. नंतर टीव्ही पुन्हा लागला, सामना चालूच होता, पुढे पाचव्या सेटपर्यंत गेला, पण काका काही जागा झाला नाही. मला पावसातून विरारला स्कूटर हाकायची होती, मी निघालो. वाटेत माझं मत असं झालं की माणूस इतकी वर्षं घाबरला की दार उघडल्यावरही त्याचा पाय उचलत नाही. असली मतं माझी चटकन होतात. दुसऱ्या दिवशी फिलूने फोन लावून त्याच्या कानाला धरला. "कोण?" एवढंच त्याने विचारलं. मी सांगितलं, हसरा, गेल्या वर्षीचाच. तो म्हणाला, "बरं. म्हणजे नवरी घरातच आहे. नांदू दे." हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, आम्ही सांडोरच्या घरी बसलो होतो. चहा झाला होता, जवळचेच उरले होते. मला गप्प बसवत नाही हा माझा जुना आजार आहे. मी म्हटलं, "काकी, काय पण म्हण, एकदा तरी त्याला पुरती फायनल बघू द्यायची होतीस." थट्टेनेच म्हटलं, नेहमीसारखं. काकी कपबशा गोळा करत होती. तिने त्या खाली ठेवल्या.

"मी? नवस माझा नव्हता रे बाबू. त्याचा होता."

मग तीच सांगू लागली, कपबशांकडे बघत. फिलूच्या वेळी तिचं बाळंतपण फार अडलं होतं. डॉक्टरांनी काकाला सांगितलं होतं की दोघींपैकी एकीचाही भरवसा देत नाही. काका दवाखान्याच्या बाकावर जपमाळ घेऊन बसला आणि बोलून बसला की दोघी राहिल्या तर मरेपर्यंत रोज याच वेळेला रोजारी म्हणीन, काही झालं तरी सोडणार नाही. तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. "घरी आल्यावर मला म्हणाला, मार्था, माझा स्वतःवर भरवसा नाय. मी टाळायला बघीन. तू मला टाळू देऊ नको. मी कितीपन गयावया केली तरी." तिने बशीवर बशी ठेवली. "मग मी नाय टाळू दिलं."

"आणि इतकी वर्षं लोक तुला नावं ठेवत होते, तेव्हा सांगायचं ना," फिलू म्हणाली. ती मघापासून आईकडे बघत होती. जिच्या जिवासाठी हा नवस बोलला होता ती तीच, आणि हे तिलाही माहीत नव्हतं.

"त्याला लाज वाटायची. देवाला शब्द देऊन वर टेनिस बघायला मागतो म्हणून." आणि तिने कपबशा उचलल्या.

जुलैत विम्बल्डन आलं. काकाच्या महिन्याची मिस्सा नेमकी फायनलच्या रविवारी धरली होती. सकाळी पेपर चाळताना मला एक ओळ दिसली आणि मी ती पुन्हा वाचली. या वर्षीपासून त्यांनी फायनलची वेळ बदलली होती. तिकडे दुपारी दोनऐवजी चार. मी बोटांवर मोजलं, मग मोबाईलवर मोजलं, कारण माझ्या बोटांवर माझा विश्वास नाही. आपल्याकडचे साडेआठ. आठला रोजारी, साडेआठला फायनल. इतकी वर्षं एकमेकांच्या अंगावर येणाऱ्या दोन गोष्टी आपण होऊन बाजूला झाल्या होत्या, काका गेल्यानंतर एका महिन्याने. मी फिलूला दाखवलं. ती म्हणाली, "आईला सांगू नको." मी, खरं सांगतो, नाही सांगितलं.

आठला काकी आल्तारापुढे बसली. टीव्ही आधीपासून बंदच होता. काळ्या पडद्यात आम्ही सगळे, आणि मधोमध, काकाच्या जागी, ती. रोजारी आता तीच चालवते. आवाज कोरडा, एका लयीत, ना घाई ना रेंगाळणं. पहिलं रहस्य. दुसरं. तिसरं. मग ती मण्यावर थांबली आणि त्याच सुरात म्हणाली, "चौथा सेट."

ते तोंडून निसटलं की तिने मुद्दाम म्हटलं, हे मला सांगता येणार नाही. पाठमोऱ्या माणसाचं कळत नाही, आणि पडद्यात चेहरा नीट दिसत नाही. कोणी हसलं नाही. आजी असती तर आमेन म्हणाली असती. तिच्याऐवजी फिलूने म्हटलं, "आमेन," आणि आम्ही चौथं सुरू केलं. पहिल्यापासून नाही.

पाचवं संपल्यावर फिलूने लितानीचं पुस्तक पुढे केलं. काकीने घड्याळाकडे पाहिलं. साडेआठला थोडा अवकाश होता. पेपरातली ती ओळ तिनेही वाचली असणार. तिने पुस्तक मिटून आल्तारावर ठेवलं. "लितानीचा नवस नव्हता," ती म्हणाली. मग गुडघ्यावर हात देऊन उठली, कोपऱ्यातली वेताची खुर्ची टीव्हीसमोर ओढली आणि जपमाळ खुर्चीच्या हातावर टांगली. स्वतः खाली, खुर्चीला टेकून बसली. बसण्याआधी बटण तिनेच दाबलं होतं. पडद्यावर हिरवं गवत आलं. हसरा आणि केशरी बाहेर येत होते.

मी पाणी प्यायला म्हणून उठत होतो.

"बस खाली," काकी मान न वळवता म्हणाली. "आता शेवटच्या चेंडूपर्यंत कोणी उठायचं नाय."